ब्राझीलच्या मागे तीन शहरं फिरू नका

वाचकाचं पत्र:
«नमस्कार. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला, वय ६१. पेठेच्या संघातून बारा वर्षं राइट बॅक खेळलो. ब्राझीलवर जीव. मुलगी-जावई न्यू जर्सीत एडिसनला असतात. मुलीनं २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तिकीट सोडतीत नाव घातलं होतं, त्यात १३ जूनच्या ब्राझील-मोरोक्को सामन्याची दोन तिकिटं लागली. माझा आणि सौ.चा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, पण तो जुन्या पासपोर्टवर. सौ.ना फुटबॉलची आवड नाही, त्या नातवाजवळ थांबतील. दुसरं तिकीट तालमीतल्या जुन्या जोडीदाराला द्यायचंय. त्याच्याकडे व्हिसा नाही. ब्राझीलचे गटातले तिन्ही सामने बघावेत आणि जमलं तर मेक्सिकोतल्या अ‍ॅझटेका मैदानाला पाय लावून यावं असं मनात आहे. जोडीदाराचा व्हिसा झालाच नाही, तर तो इथं तालमीच्या हॉलमध्ये पोरांना पडद्यावर सामने दाखवणार. सगळी आखणी कशी करू?»

उत्तर:

नमस्कार. हातात तिकीट आहे, राहायला मुलीचं घर आहे आणि तुमचा व्हिसा आहे. अवघड तीन गोष्टी तुमच्याकडे आधीच आहेत. म्हणून पहिलं सांगणं हेच की त्यांवर नसता भार टाकू नका. ब्राझीलचे गटातले सामने १३ जूनला न्यू जर्सीत, १९ जूनला फिलाडेल्फियात आणि २४ जूनला मायामीत आहेत. पहिले दोन तुमच्या एडिसनच्या घरातून होतात. तिसऱ्यासाठी विमान, हॉटेल आणि ऐन हंगामातले दर. दोन सामने मैदानात बघा, तिसरा टीव्हीवर. तो कुठल्या टीव्हीवर बघायचा हे पुढे सांगतो, कारण ती जागाही मैदानाच्या तोडीची आहे.

आधी कागदपत्रं. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असला आणि त्याची मुदत शिल्लक असली, तर तो चालतो. जुना आणि नवा, दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवा आणि विमानतळावर दोन्ही एकत्र द्या. जुन्या पासपोर्टचं व्हिसाचं पान फाटलेलं किंवा ओलं होऊन पुसटलेलं नको. ते आजच उघडून बघा. दोन्ही पासपोर्टवरचं नाव अक्षरशः एकच आहे ना, हेही ताडून घ्या. जुन्यावर वडिलांचं नाव मधे आणि नव्यावर नाही, असं आपल्याकडे सर्रास होतं. तसं असेल तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीशी बोलून घ्या.

आता जोडीदार. त्यांच्यासाठी घाई करायला हवी, आणि ती आजपासून. पर्यटक व्हिसासाठी डीएस-१६० नावाचा अर्ज ऑनलाइन भरायचा, १८५ डॉलर शुल्क भरायचं आणि दोन तारखा घ्यायच्या: एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीसाठी. दोन्ही तारखा लागोपाठच्या दिवशी मिळाल्या तर मुंबईची एकच फेरी होते. शुल्क परत मिळत नाही. तारीख बदलायची सवलतही विनाशुल्क एकदाच आहे, तेव्हा घरातलं लग्नकार्य, डॉक्टरची तारीख बघूनच दिवस निवडा.

साध्या मार्गाने मुलाखतीची तारीख जूनच्या आत मिळेलच असं नाही. म्हणूनच विश्वचषकाची तिकिटं असणाऱ्यांना मुलाखत लवकर मिळावी अशी ‘फिफा पास’ नावाची सोय काढली आहे. मुलीला तिच्या फिफा खात्यात जाऊन या सोयीचा अर्ज आणि सोबत येणाऱ्या पाहुण्यासाठीचे नियम बघायला सांगा. पण ही सोय फक्त तारखेपुरती आहे. व्हिसा द्यायचा की नाही हे अधिकारी नेहमीच्याच कसोट्यांवर ठरवतो. सामन्याचं तिकीट दाखवून तो मिळत नाही. म्हणून दोन्ही दारं एकदम ठोठावा: साधी तारीख मिळेल ती घेऊन ठेवा आणि लवकरच्या तारखेसाठी प्रयत्न चालू ठेवा.

डीएस-१६० मध्ये माणसं कुठे अडकतात, ते ठाऊक असलेलं बरं. तारीख घेताना जो अर्ज क्रमांक टाकला, तोच अर्ज मुलाखतीला हवा. मधे चूक सापडली म्हणून नवा अर्ज भरला आणि तारखेच्या खात्यात जुनाच क्रमांक राहिला, तर दारातून परत पाठवतात. फोटो सहा महिन्यांच्या आतला, दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि चष्म्याशिवाय. गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांची खाती विचारतात. फेसबुकचं एखादं जुनं, बंद पडलेलं खातं असलं तरी लिहा. लपवलेलं सापडणं हे कुठल्याही पोस्टपेक्षा वाईट. आणि अर्ज एजंटाकडून भरून घेतला तरी पाठवण्याआधी जोडीदारांनी स्वतः ओळन्‌ओळ वाचावा. उत्पन्न, नोकरी, मुलंबाळं यांत एजंटाने अंदाजाने भरलेले आकडे आणि मुलाखतीत तोंडून निघालेले आकडे जुळले नाहीत, की संशय येतो.

मुंबईच्या वकिलातीत मुलाखत मराठीतून देता येते. त्यांना इंग्रजीचा ताण असेल तर खुशाल मराठी निवडू द्या. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते, कागद बहुधा बघतही नाहीत. सरळ, छोटी उत्तरं द्यायची: «मित्रासोबत विश्वचषकाचे सामने बघायला जातोय, राहणार त्याच्या मुलीकडे, तीन आठवड्यांनी परत.» शेती, दुकान, पेन्शन, घरातली माणसं, म्हणजे परत येण्याचं जे खरं कारण आहे तेवढं विचारल्यावर सांगायचं. पाठ केलेलं भाषण नको. तुमची मुलगी ही त्यांची ‘पुतणी’ आहे असली सोयीची नाती तर अजिबात जोडू नका. नकार मिळाला, तर परिस्थितीत काही बदल झाल्याशिवाय लगेच पुन्हा शुल्क भरून बसू नये.

व्हिसा हातात येईपर्यंत त्यांचं विमानाचं परत न होणारं तिकीट काढू नका. सामन्याचं तिकीट मात्र राहू द्या. व्हिसा झाला नाही तर ते फिफाच्याच पुनर्विक्री बाजारात विकता येईल. विकणाऱ्याकडून फिफा १५ टक्के कापून घेते, म्हणजे १०० डॉलरला विकलं तर ८५ हाती. घेणाऱ्यालाही वर १५ टक्के पडतात. याच बाजारातून किंवा एप्रिलपासून सुरू होणाऱ्या शेवटच्या टप्प्याच्या विक्रीतून १९ तारखेची तिकिटं बघायची. समाजमाध्यमावर कुणी तिकिटाचा ‘स्क्रीनशॉट’ पाठवतो म्हणाला, तर सरळ नाही म्हणा. तिकीट फिफाच्या ॲपमध्येच असतं, चित्रावर गेट उघडत नाही.

तिकिटाबद्दल आणखी एक घोटाळा होतो. फिफा प्रायोजकांची नावं वापरत नाही, म्हणून तिकिटावर ‘न्यूयॉर्क न्यू जर्सी स्टेडियम’ असेल. अमेरिकेत त्याच मैदानाला सगळे मेटलाइफ म्हणतात, आणि ते न्यूयॉर्कमध्ये नाही, न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला आहे. मॅनहॅटनला हॉटेल घेतलेल्या कुणालाही हे आधी कळलेलं बरं. बाकी ठिकाणीही तसंच: ‘बोस्टन’चं मैदान फॉक्सबरोला, शहरापासून साधारण ४५ किलोमीटरवर, ‘सॅन फ्रान्सिस्को’चं सांता क्लाराला, ‘डॅलस’चं आर्लिंग्टनला. फिलाडेल्फियाचं मात्र खरोखर शहरात आहे, आणि तुमच्या दुसऱ्या सामन्यासाठी ही मोठी सोय.

न्यू जर्सीला कधी पोहोचायचं? उशिरात उशिरा ८ जूनला. सामना तिथल्या वेळेने संध्याकाळी ६ वाजता, म्हणजे भारतात पहाटेचे साडेतीन. दोन दिवस आधी उतरलात, तर ज्या सामन्यासाठी आयुष्यभर थांबलात त्याच्या उत्तरार्धात डोळे मिटायला लागतील. शरीराचं घड्याळ साडेनऊ तासांनी मागे सरायला चार-पाच दिवस लागतात. पोहोचल्यावर दुपारी झोपू नका, सकाळ-संध्याकाळ उन्हात चाला आणि जेवणं तिथल्याच वेळेला घ्या.

विमा घ्याच, आणि रक्तदाब, मधुमेह जे काही आधीपासून असेल ते विम्याच्या अर्जात लिहा. न लिहिलेल्या आजारावर दावा नाकारला जातो. गोळ्या तीन आठवड्यांऐवजी पाच आठवड्यांच्या न्या, अर्ध्या हातातल्या बॅगेत, आणि डॉक्टरच्या सही-शिक्क्याची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसह. ताजी फळं आणि मटणाचं काहीही नेऊ नका, लोणच्याच्या बरणीत असलं तरी. भडंग, चिवडा, कांदा-लसूण मसाला पॅकबंद न्या आणि कस्टमला खाद्यपदार्थ आहेत असं आधीच सांगा. सांगितलेली गोष्ट फार तर काढून घेतात, न सांगितलेल्यावर दंड होऊ शकतो.

आता १३ जून, शनिवार. घरातून गाडी काढून निघायचं हा जावयांचा पहिला विचार असेल. विश्वचषकाच्या दिवशी मेटलाइफचं एरवीचं अवाढव्य पार्किंग प्रेक्षकांसाठी तसं खुलं नसतं, त्यातला मोठा भाग सुरक्षेला आणि पाहुण्यांच्या तंबूंना जातो. आधी घेतलेला पार्किंगचा पास हातात नसेल, तर गाडी विसरा. मार्ग रेल्वेचा: एडिसनहून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची लोकल, सेकॉकस जंक्शनला उतरायचं, तिथून मेडोलँड्सची गाडी थेट मैदानापाशी. सामन्याच्या दिवसाच्या रेल्वे-तिकिटाचे नियम एरवीपेक्षा वेगळे असतात, तेव्हा ते जाहीर झाल्याबरोबर दोघांची तिकिटं मुलीने काढून ठेवावीत. त्या दिवशी स्टेशनवर जाऊन बघू, असं चालणार नाही.

सेकॉकस हीच सगळ्यांत नाजूक जागा आहे. २ फेब्रुवारी २०१४ ला याच मैदानावर सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना झाला. लोकांना गाड्या सोडून रेल्वेने यायला सांगितलं, आणि येताना सेकॉकसला सुरक्षा तपासणीत तर जाताना मैदानाच्या फलाटावर हजारो माणसं तासन्‌तास अडकली. गर्दी पांगत पांगत येते, पण शिट्टी वाजली की एकदम निघते, आणि मेटलाइफमध्ये ८० हजारांहून जास्त माणसं बसतात. म्हणून जाताना दुपारी दोनलाच सेकॉकस पार करा. येताना उलट करा: सामना संपल्यावर निदान ४० मिनिटं जागेवर बसून राहा. ब्राझीलचे पाठीराखे तेवढा वेळ गातच असतात, ते ऐका. पाणी प्या, स्वच्छतागृहात जाऊन या, मग फलाटाकडे वळा. धावत सुटलेल्या माणसापेक्षा तुम्ही घरी फार उशिरा पोहोचणार नाही, पण गुडघे शाबूत ठेवून पोहोचाल.

मैदानाला छप्पर नाही. जूनमध्ये तिथे सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, म्हणजे अख्खा सामना उजेडात. पश्चिमेकडच्या बाजूला सावली लवकर येते. पूर्वेकडची जागा लागली असेल तर ऊन समोरून डोळ्यांत येईल. टोपी न्याच. वीज चमकली तर खेळ थांबतो आणि शेवटच्या लखलखाटापासून ३० मिनिटं मोजतात. मधे पुन्हा चमकली की मोजणी पहिल्यापासून. अशा वेळी जिन्याखालच्या बंदिस्त जागेत जायला सांगतात, तिथून बाहेर पडून स्टेशन गाठायची घाई करू नका. बॅग न्यायचीच तर पारदर्शक, साधारण १२ बाय १२ इंच आणि ६ इंच जाडीची. अमेरिकेतल्या या मैदानांचा हाच नेहमीचा नियम आहे. झेंडा न्या, काठी नको. तुमच्या पेठेत हलगीशिवाय सामना होत नाही हे मान्य, पण ती घरीच ठेवा. गेटवर वाद्यं अडवली, तर ठेवायला जागा मिळत नाही.

दोघांच्या फोनमध्ये फिफाचं ॲप हवं आणि मुलीने जोडीदारांचं तिकीट त्यांच्या खात्यावर पाठवलेलं हवं. एकाच फोनवर दोन तिकिटं ठेवली आणि गर्दीत चुकामूक झाली, तर एक जण बाहेर. तिथलं सिम किंवा ई-सिम घ्या, फोन पूर्ण चार्ज करा, छोटी पॉवर बँक खिशात ठेवा.

सामन्याविषयी थोडं. ही जोडी तुम्हाला आठवत असेल. १९९८ च्या विश्वचषकात ब्राझील, मोरोक्को आणि स्कॉटलंड एकाच गटात होते, चौथा नॉर्वे. ब्राझीलने स्कॉटलंडला २-१ आणि मोरोक्कोला ३-० हरवलं, पण नॉर्वेकडून १-२ हरला. या वेळी चौथा हैती आहे, १९७४ नंतर पहिल्यांदा, आणि तोही आपल्या देशात एकही पात्रता सामना खेळायला न मिळता आलेला. मोरोक्को मात्र १९९८ चा राहिलेला नाही. २०२२ ला उपांत्य फेरी गाठणारा तो पहिला आफ्रिकी संघ. तुम्ही राइट बॅक खेळलात म्हणून सांगतो: मोरोक्कोचा उजव्या बाजूचा बचावपटू अशरफ हकिमी मैदानात असेल, तर त्याच्याकडेच डोळे लावून बसा. चेंडू पलीकडच्या बाजूला असताना तो कुठे उभा राहतो, पुढे केव्हा निघतो आणि मागची मोकळी जागा भरायला कोण सरकतो, हे कॅमेऱ्यात कधीच येत नाही. मैदानात बसण्याचा खरा फायदा हाच. याच कारणासाठी १९ जूनचं तिकीट निवडताना गोलमागची खालची रांग घेऊ नका. तिथून पलीकडचा गोल दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. मध्यरेषेच्या जवळची वरच्या मजल्यावरची जागा बहुधा स्वस्त असते आणि दोन्ही संघांची मांडणी तिथून तळहातावरच्या रेषांसारखी दिसते.

१९ जूनला फिलाडेल्फियात हैतीशी सामना. एडिसनहून ट्रेंटनपर्यंत न्यू जर्सीची लोकल, ट्रेंटनला गाडी बदलून सेप्टाच्या, म्हणजे फिलाडेल्फियाच्या लोकलच्या, ट्रेंटन मार्गाने सबर्बन स्टेशन, तिथून चालत सिटी हॉल आणि ब्रॉड स्ट्रीट भुयारी रेल्वेने दक्षिणेचं शेवटचं स्टेशन, एनआरजी. उतरलं की मैदान चालत पाच-सात मिनिटांवर. जायला हा मार्ग छान. पण सामना रात्रीचा आहे. संपेपर्यंत अकराच्या आसपास होणार, आणि ट्रेंटनची शेवटची गाडी चुकली तर ६१ व्या वर्षी रात्र फलाटावर. त्यामुळे या एका सामन्याला जावई गाडीने न्यायला आले तर उत्तम. नाहीतर एक रात्र फिलाडेल्फियातच काढा. मोरोक्कोपेक्षा हैतीच्या सामन्याची तिकिटं पुनर्विक्रीत जरा नरम मिळावीत. पण घाबरून पहिल्याच भावाला घेऊ नका. सामन्याच्या आधीच्या आठवड्यात न जमणारे लोक तिकिटं सोडतात.

२४ जूनला, बुधवारी, स्कॉटलंड. मायामीला न जाता न्यूअर्कला जा. एडिसनहून त्याच नॉर्थईस्ट कॉरिडॉरवर न्यूअर्क पेन स्टेशन आहे, तिथून बाहेर पडून फेरी स्ट्रीट धरली की आयर्नबाउंड वस्ती सुरू होते. पिढ्यान्‌पिढ्या पोर्तुगीज आणि ब्राझीलियन लोकांनी वसवलेली ही वस्ती; बेकऱ्या, मांस भाजणारी हॉटेलं, बार, सगळीकडे पोर्तुगीज भाषा. सामना संध्याकाळी ६ ला आहे, चारलाच जाऊन जागा धरा आणि जेवणाची ऑर्डर द्या. खाणाऱ्याला कुणी उठवत नाही. आपल्या पेठेत सामन्याच्या दिवशी वातावरण कसं असतं ते ज्याला ठाऊक आहे, त्याला तिथे परकं वाटणार नाही.

पुढच्या फेऱ्यांची तिकिटं आता घेऊ नका, एक सोडून. या वेळी ४८ संघ, १२ गट, आणि प्रत्येक गटातले पहिले दोन शिवाय १२ तिसऱ्यांपैकी सर्वोत्तम ८, असे ३२ संघ बाद फेरीत. कुठले आठ तिसरे येतील याच्या ४९५ शक्यता आहेत, म्हणून तिसरा आलेला संघ कुठे खेळणार हे गट संपल्याशिवाय कळत नाही. तीनपैकी दोन तिसरे पुढे जाण्याचं हेच प्रमाण युरो स्पर्धेत २०१६ पासून आहे, आणि तिथे चार गुण मिळवलेला एकही तिसरा संघ बाहेर पडलेला नाही. तीन गुणांवर गोलफरक ठरवतो. ब्राझील गटात पहिला आला तर २९ जूनला ह्यूस्टनला, दुसरा आला तर त्याच दिवशी मेक्सिकोत माँटेरेला. दोन्ही तुमच्या घरापासून लांब. पण गटात पहिला येऊन ह्यूस्टनला जिंकला, तर त्याचा पुढचा सामना ५ जुलैला, पुन्हा न्यू जर्सीत! तुमचा मुक्काम तोवर असेल, तर तेवढं एक तिकीट घ्यायला हरकत नाही. ब्राझील आला नाही तरी शेवटच्या १६ संघांच्या फेरीचा सामना बघायला मिळेल, आणि विकायचं झालं तर न्यू जर्सीत गिऱ्हाईक मिळतं.

अ‍ॅझटेकाचं मन आम्हाला कळतं. १९७० चा अंतिम सामना तिथला, पेलेचा शेवटचा विश्वचषक. १९८६ चा मॅराडोना तिथला. ११ जूनला मेक्सिको-दक्षिण आफ्रिका सामन्याने स्पर्धा तिथेच सुरू होते आणि तीन विश्वचषक बघणारं ते पहिलं मैदान ठरतं. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे कागदाची अडचण नाही. १७ जूनला रात्री तिथे उझबेकिस्तान-कोलंबिया आहे, उझबेकिस्तानचा विश्वचषकातला पहिलावहिला सामना. पण १७ ला रात्री मेक्सिको सिटी, १८ ला पाच तासांचं विमान आणि १९ ला रात्री फिलाडेल्फिया, ही धावपळ तुम्ही करू नये. शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, कळसूबाईच्या शिखरापेक्षा सहाशे मीटर वर. तिथे पहिल्या दिवशी जिने चढतानाही धाप लागते. अ‍ॅझटेका हवंच असेल, तर फिलाडेल्फिया सोडा, १५ ला जा, एक दिवस नुसता आराम करा, भरपूर पाणी प्या आणि रक्तदाबाच्या गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आमचा कौल फिलाडेल्फियाला. ब्राझील खेळतोय, आणि तुमचा जीव ब्राझीलवर आहे.

जोडीदारांचा व्हिसा नाहीच झाला, तर त्यांच्या पडद्याचीही तयारी तितक्याच निष्ठेने व्हावी. वेळा अशा: ब्राझील-मोरोक्को १४ जून, रविवार, पहाटे ३:३०. ब्राझील-स्कॉटलंड २५ जून, गुरुवार, पहाटे ३:३०. अर्जेंटिनावाले पोरं असणारच: अल्जेरियाशी १७ जूनला सकाळी ६:३०, ऑस्ट्रियाशी २२ जूनला रात्री १०:३०, जॉर्डनशी २८ जूनला सकाळी ७:३०. अंतिम सामना २० जुलैला, सोमवारी, रात्री १२:३०. म्हणजे रविवारची रात्र जागायची. सुटी सोमवारची टाका, रविवारची नव्हे. दर स्पर्धेत निम्मी माणसं इथेच चुकतात.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि जूनमध्ये पाऊसही आहे, म्हणून हॉलच बरा, दारं-खिडक्या लावून. पहाटे साडेतीनला अंधार असतो, तेव्हा ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर दहा फुटी पडद्याला पुरतो. सकाळी साडेसातच्या सामन्याला मात्र तोच प्रोजेक्टर फिका पडतो. खिडक्यांना काळं कापड किंवा जाड ताडपत्री आदल्या दिवशीच लावा, नाहीतर त्या सामन्याला मोठा टीव्ही ठेवा.

लाइट जाणार हे धरूनच चाला. प्रोजेक्टर साधारण ३०० वॉट, स्पीकर ६०, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर मिळून २५, एकूण ३८५ वॉट. १५० अ‍ॅम्पियर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर देते, प्रत्यक्षात चांगल्या अवस्थेत ११०० ते १२००. म्हणजे तीन तास. हायड्रेशनसाठी या वेळी प्रत्येक अर्धात २२ व्या मिनिटाच्या सुमारास तीन मिनिटं खेळ थांबणार आहे, ते आणि मध्यंतर धरून सामना दोन तासांचा होतो. जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर पावणेतीन. तेव्हा बाद फेरीच्या रात्री पंखे आणि दिवे त्या इन्व्हर्टरवर नकोत. बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल, तर मे महिन्यातच तेवढा भार लावून घड्याळ लावून तपासा. पाणी कमी झालेली बॅटरी ४० मिनिटांत मान टाकते, आणि ते नेमकं पेनल्टीच्या वेळी कळतं.

इंटरनेटवरचं प्रक्षेपण डिश किंवा केबलपेक्षा काही सेकंद ते अर्धा मिनिट मागे असतं. शेजारच्या घरात डिश असेल, तर गोलची आरोळी तुमच्या पडद्यावर फ्री किक लागण्याआधी ऐकू येईल. म्हणून शक्य तर डिशच घ्या आणि इंटरनेट राखीव ठेवा; पावसाने डिशचा सिग्नल गेला की लगेच बदलता येईल. राउटरपासून वायर ओढा आणि हॉलमधल्या पोरांना त्याच वायफायचा पासवर्ड देऊ नका. चाळीस फोन जोडले गेले की पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र तेवढं उरतं.

पासपोर्टची पानं आजच बघा, आणि जोडीदारांना डीएस-१६० भरायला या रविवारीच बसवा.